उजवं पान

आमच्या मालकांना कल्पना सकाळी दाढी करताना सुचतात आणि त्या निस्तराव्या मला लागतात. मालक म्हणजे प्रकाशनाचे मालक, आणि मी तिथे सव्वीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासणारी. या वेळची कल्पना अशी होती की चोवीस नामांकित शास्त्रज्ञांना दोनच प्रश्न विचारायचे. माणसापुढचं सगळ्यात मोठं संकट कोणतं? आणि त्यावर उपाय काय? डाव्या पानावर संकट, उजव्या पानावर उपाय, आणि उजव्या पानाच्या तळाशी शास्त्रज्ञाची सही. शेवटच्या मुद्रितावर जी शाईची सही होईल तीच जशीच्या तशी पुस्तकात छापायची, असा मालकांचा नियम होता. त्याने म्हणे वाचकाचा विश्वास बसतो.

मजकूर यायला लागला. जंतूंचे एक डॉक्टर लिहीत होते की आपली औषधं जंतूंनी पचवली आहेत आणि पुढे साध्या खरचटण्यानेही माणसं दगावतील. किड्यांवर आयुष्य घालवलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं की किडे संपत चालले आहेत आणि कोणाचं लक्षही नाही. यंत्रांना विचार करायला शिकवणारे एक गृहस्थ यंत्रं डोक्यावर बसतील म्हणून धास्तावले होते, आणि उपाय म्हणून त्यांनी आणखी हुशार यंत्र सुचवलं होतं. तारे बघणारे दुसऱ्या ग्रहावर बिऱ्हाड हलवायचं म्हणत होते. डावी पानं वाचून माझी झोप उडायची आणि उजवी वाचून परत यायची. 'यासाठी सर्वांनी एकत्र यायला हवं,' हे वाक्य मी सतरा उजव्या पानांवर तपासलं. आमच्या इमारतीत चौदा बिऱ्हाडं आहेत. गच्चीवरची टाकी धुवायला ती कधी एकत्र आली नाहीत.

चोविसावी शास्त्रज्ञ माझी मावशी होती. आईची थोरली बहीण. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास तिने पन्नास वर्षं केला. एके काळी तिचं नाव परिषदांमधून मोठ्या आदराने घेत. पण ती सभांना जायची बंद झाली, मग लोकही विसरले. मालकांकडे तिच्यासाठी शब्द मी टाकला होता. ती आता एकोणऐंशी वर्षांची होती आणि तिची नजर मधोमध गेली होती. दाराची कड दिसायची, खिडकीतला उजेड दिसायचा, पण समोरचा चेहरा दिसायचा नाही आणि अक्षर तर नाहीच. दिवसभर तिच्याजवळ एक सोबतीची बाई असे. वाचून मात्र मीच दाखवायची. तीन वर्षं, दर रविवारी आणि बुधवारी. पत्रं, अहवाल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा. मी स्वल्पविरामालाही थांबते म्हणून ती माझी टिंगल करायची. "ठमे, तुझ्याकडून ऐकलं की मला कागद दिसतो," असं एकदा म्हणाली होती. मला लहानपणापासून ती ठमी म्हणते. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी खपवून घेतलं नसतं.

डावं पान तिने एका बैठकीत सांगितलं. मी लिहून घेतलं. 'जमिनीखाली खोल जे पाणी आहे ते आपण कोणी पाहिलेल्या पावसाचं नाही. ते संपत आलं तरी कळत नाही, कारण नळ शेवटच्या दिवसापर्यंत तसाच वाहतो.' असं साधं, सरळ. तेवीस जणांत असं कोणालाच लिहिता आलं नव्हतं. माझी मान ताठ झाली.

"आता उपाय सांग," मी म्हटलं.

"ते पान कोरं ठेव."

"कोरं कसं ठेवायचं? सगळ्यांनी लिहिलंय."

"लिहू देत. मला माहीत नाही, तर मी लिहिणार नाही."

"अगं, पन्नास वर्षं तू काय केलंस मग?"

"मोजलं," ती म्हणाली. "उपाय एकदा सांगितला होता. तेवढं पुरे झालं." आणि तिने सोबतीच्या बाईला चहा टाकायला सांगितलं.

त्या शेवटच्या दोन वाक्यांवर मी थांबायला हवं होतं. स्वल्पविरामाला थांबणारी मी, तिथे थांबले नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा रुसवा आहे. लोक विसरले म्हणून फुगून बसली आहे.

मालकांनी कोऱ्या पानाचं नाव काढताच कपाळाला हात लावला. "लोकांना वाटेल छपाई चुकली. परत आणून टाकतील प्रती. आणि काय हो, शास्त्रज्ञांनीच काखा वर केल्या तर पुस्तक घ्यायचं कशाला? उपाय नसेल तर तुमच्या मावशींना वगळू. तेवीसही चालतील."

इथे माझं डोकं फिरलं. ज्यांना धड वाक्य लिहिता येत नाही असे लोक पुस्तकात राहणार आणि मावशी बाहेर? ती आणखी किती दिवसांची सोबती होती? तिचं नाव शेवटचं एकदा ठळक अक्षरात छापून यावं, एवढंच मला हवं होतं. मावशीला पान कोरं हवं होतं. दोन्ही एकदम होणार नव्हतं, आणि मी माझ्या हौसेची बाजू घेतली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला तिचा चाळीस वर्षांपूर्वीचा निबंध मिळाला. तोच, ज्याने तिचं नाव झालं. पावसाळ्यात नदीचं जास्तीचं पाणी खोल विहिरींतून जमिनीच्या पोटात सोडायचं, म्हणजे खडकांतल्या रिकाम्या जागा पुन्हा भरतील, आणि उन्हाळ्यात तेच पाणी उपसता येईल. किती सोपं आणि किती सुंदर! उपाय होता की तिच्याकडे! मी घरी येऊन तिच्या भाषेत तीनशे शब्द लिहिले. तिची भाषा माझ्या कानात तीन वर्षं होतीच. छोटी वाक्यं, विशेषणं नाहीत. खोटं कशाला सांगू, लिहिताना मला आनंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पहिल्यांदाच काहीतरी मांडत होते. 'सर्वांनी एकत्र यायला हवं' हे वाक्य मी कटाक्षाने टाळलं, त्याचाही अभिमान वाटला.

शेवटचं मुद्रित घेऊन बुधवारी तिच्याकडे गेले. डावं पान वाचून दाखवलं. तिने एक शब्द बदलायला लावला.

"आणि उजवं?"

"कोरं," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिला. तिने उजव्या पानावरून तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. छापलेली अक्षरं बोटांना लागत नाहीत. मला ते माहीत होतं, तरी मी तिच्या बोटांकडेच बघत राहिले.

"मालक कबूल झाले?"

"झाले."

"मग सही कशाला पाहिजे? काही लिहिलेलंच नाही."

"तूच कोरं ठेवलंयस हे लोकांना कळायला नको? नाहीतर वाटेल, छपाई चुकली."

ती मोठ्याने हसली. कितीतरी दिवसांनी. "हे बरं सुचलं तुला, ठमे." मी तिचं बोट धरून जागा दाखवली आणि माझ्या तीनशे शब्दांखाली तिने सही केली. अक्षर थरथरतं होतं, पण ओळखू येण्यासारखं. सोबतीची बाई दारात चहा घेऊन उभी होती. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा टेबलावर ठेवून आत गेली. तिलाही वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकलेली होती ती. पण तिचा मावशीच्या कागदांशी संबंध नाही, हे मीच तिला पहिल्या आठवड्यात बजावलं होतं.

पुस्तक निघालं. समारंभाला मावशी आली नाही. वर्तमानपत्रात परीक्षण आलं, त्यात एका जाणकाराने लिहिलं की चोवीस उपायांपैकी उद्या सकाळी कामाला लावता येईल असा हा एकच. मी ते कात्रण पाकिटात घालून फिरत होते. मावशीला मात्र परीक्षणातलं तेवढं वाक्य सोडून बाकीचं वाचून दाखवलं. एकदा वेळ मारून नेली की पुढच्या वेळी जीभ अडखळत नाही, हे मी तेव्हा शिकले.

चार महिने गेले. एका शुक्रवारी सोबतीच्या बाईचा ऑफिसात फोन आला. "ताई, या तुम्ही. आजी कालपासून जेवल्या नाहीत. फोन आला होता कुठूनतरी. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडल्यात."

मी गेले तेव्हा मावशी उठून खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले होते. मी नेहमीच्या खुर्चीवर बसले.

"एका गावाच्या पाणीखात्यातल्या इंजिनिअरचा फोन होता," ती म्हणाली. "आभार मानत होता. माझं पान वाचून त्यांनी विहिरी खणायला घेतल्यात. अकरा. मी म्हटलं, कुठलं पान? तर त्याने वाचूनच दाखवलं. सगळं. आवाज चांगला आहे त्याचा."

मी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"चांगलं लिहिलंयस. मलाही क्षणभर वाटलं, मीच सांगितलं असेन, आणि विसरले असेन. म्हातारपणी होतं असं. रात्रभर आठवत बसले. मग सही आठवली."

"मावशी, तुझाच निबंध आहे तो. मी मनाने काही घातलेलं नाही. एक शब्दही..."

"पहिला निबंध," ती म्हणाली. "दुसरा वाचलास?"

दुसरा आहे हेच मला माहीत नव्हतं.

मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, आकडे सांगावेत तसं. पहिल्या निबंधाप्रमाणे एका गावात विहिरी झाल्या. पाणी वर आलं, लोकांनी तिची मिरवणूक काढली. नदीच्या पाण्याबरोबर हवाही खाली गेली होती. तिथल्या खडकात आर्सेनिकचं विष होतं, हजारो वर्षं मुकाट बसलेलं. हवा लागली तसं ते सुटलं आणि पाण्यात उतरलं. पाण्याला ना रंग, ना वास. पहिली चार वर्षं नेहमीच्या तपासणीतही काही सापडलं नाही, कारण आर्सेनिक कोणी शोधतच नव्हतं. पाचव्या वर्षी लोकांच्या तळहातांवर खड्यांसारख्या गाठी उठायला लागल्या. नंतर गाठी आतही निघाल्या. मावशी तिथे दोन वर्षं जाऊन राहिली, घरोघर पाणी मोजलं. ज्या बाईकडे ती उतरायची तिचा नवरा गेला, मग दीर. "त्या बाईने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. रोज पाणी गरम करून द्यायची अंघोळीला. त्याच विहिरीचं."

दुसरा निबंध तिने त्यानंतर लिहिला. खडक नीट तपासल्याशिवाय हे करू नका, माझी चूक झाली, असं स्वच्छ लिहिलं. तो एका बारीकशा पत्रिकेत छापून आला. पहिला सगळ्यांनी वाचला होता, दुसरा कोणीच नाही. त्यानंतर तिने उपाय सांगणं बंद केलं. तीस वर्षं फक्त मोजलं.

माझं सगळं आयुष्य शुद्धिपत्रं जोडण्यात गेलं. कुठल्याही पुस्तकाचं पहिलं पान हातात घेतलं की मी आधी मागे जाऊन चुकांची यादी बघते. आणि माझ्याच मावशीच्या चुकीची दुरुस्ती कुठे असेल, हे शोधायचं मला सुचलं नाही. शोधावंसं वाटलं नाही, हे जास्त खरं. पहिला निबंध मला आवडला होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. विचारलं आणि लाज वाटली.

"कोरं ठेव म्हणून सांगितलं होतं," मावशी म्हणाली.

त्याच दुपारी तिने इंजिनिअरला पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. काम थांबवा. खडकाचे नमुने तपासा. ते पान माझं नाही, माझ्या भाचीने लिहिलं आहे. भाचीने, हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. "लिहिलंस?" तिने विचारलं. मी लिहिलं होतं. खाली सही करायला मात्र तिने हात पुढे केला नाही. दुसऱ्या निबंधाची प्रत मी दोन दिवस चार ग्रंथालयं पालथी घालून मिळवली आणि सोबत जोडली. मालकांकडे शुद्धिपत्राचा विषय काढला, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणाले. "आत्ता सांगितलं की एक पान बनावट आहे, तर उरलेली तेवीस कोण खरी मानणार?" त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. मी राजीनामा लिहिला, आणि दोन दिवस पर्समध्ये ठेवून मग दिला.

इंजिनिअरला मी फोनही केला. स्वतःच्या तोंडाने सांगितलं की ते मी लिहिलं आहे, मी शास्त्रज्ञ नाही, मुद्रितं तपासणारी आहे. तो सभ्य माणूस होता. "मॅडम, पण मूळ निबंधही आम्ही मिळवलाय," तो म्हणाला. "मुद्दा न् मुद्दा जुळतो. तुम्ही लिहिलं असतं तर इतकं बरोबर कसं आलं असतं?" त्याच्यामागे कुठेतरी यंत्र घरघरत होतं, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता.

तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. तोवर मी रविवारी आणि बुधवारी जातच होते. मावशी बस म्हणायची, मी बसायचे. वाचायला काही निघायचं नाही. त्या दिवशी सोबतीच्या बाईने पाकीट आणून टेबलावर ठेवलं. मावशीने माझ्याकडे मान वळवली. "वाच."

मी आधी नजरेखालून घातलं. सव्वीस वर्षांची सवय. त्यात लिहिलं होतं: 'आदरणीय बाई, आपलं पत्र आमच्या समितीपुढे ठेवलं. सात विहिरी पूर्ण झाल्या असून त्यांत तूर्त कालव्याचं पाणी सोडलं आहे. आजूबाजूच्या आडांना चौदा वर्षांनी पाणी आलं. तपासणी केली, पाणी स्वच्छ आहे. दुसऱ्या निबंधातला खडक आमच्या खडकाहून वेगळा असावा, असं ठेकेदारांचं मत पडलं. शिवाय पुस्तकातल्या पानावर आपली सही आहे आणि पत्र दुसऱ्या कोणाच्या हातचं आहे, तेव्हा पुस्तकालाच धरून चालावं असं समितीने एकमताने ठरवलं. उरलेल्या चार विहिरी पावसाळ्याआधी होतील. पहिल्या विहिरीला आपलं नाव दिलं आहे.'

मला एवढंच म्हणायचं होतं: काम थांबवलं असं लिहिलंय. चार शब्दांचं काम होतं. ती जेवली असती, रात्री झोपली असती. तिचे किती दिवस उरले होते असे? जिभेवर आलं होतं अगदी.

मी खरं वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. 'आपलं नाव दिलं आहे' हेसुद्धा वाचलं. मावशी हलली नाही. खिडकीकडून येणारा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता.

"संपलं?"

"संपलं."

"पाणी स्वच्छ आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "आमचंही होतं." मग तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. सोबतीची बाई हात पुसत आली.

"हे पत्र वाच गं जरा."

बाई माझ्याकडे बघायला लागली. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडाकडे धरलं आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. शब्द तोडत, अडखळत. 'समितीपुढे'ला दोनदा थांबली, 'एकमताने' तिसऱ्या खेपेला जमलं. मावशी डोळे मिटून, मान किंचित पुढे करून ऐकत होती. प्रत्येक वाक्य मी वाचलेल्या वाक्याशी जुळतंय का, हे ती बघत होती. मुद्रितं तपासताना आम्ही असंच करतो. एकजण वाचतो आणि दुसरा मूळ प्रतीवर नजर ठेवतो. सगळं जुळलं. एकही चूक निघाली नाही. मला कसलंच समाधान वाटलं नाही.

"बरं," मावशी म्हणाली. "आता दुसरं पत्र लिहायचं. समितीला, आणि एक वर्तमानपत्राला. कागद घे."

मी पर्समधून पेन काढलं.

"तू नाही," ती म्हणाली.

सोबतीच्या बाईने खुर्ची ओढली. तिला जागा व्हावी म्हणून मी उठले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मावशी एकेक शब्द सांगत होती, बाई एकेक शब्द लिहीत होती, आणि लिहून झालं की मावशी तिला म्हणत होती, आता वाचून दाखव.